गोंदियाच्या थंडीत ‘स्नो बाईक’ घ्यायची का? ध्रुवावर चालणाऱ्या सायकलचं गणित समजून घ्या

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. एका शॉपिंग ॲपवरच्या सायकलचा स्क्रीनशॉट होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘मामाजी, ही घेऊ का? बर्फात पण चालते म्हणे. आपल्याकडे थंडी खूप वाढली.’

फोटोत चार इंच रुंद टायरची दणकट फॅट बाईक. मागे बर्फाचे डोंगर. नावात ‘स्नो’ हा शब्द. किंमत पंधरा हजारांच्या घरात.

भाचा अकरावीत आहे. गाव आमगावपासून नऊ किलोमीटर. सकाळी साडेसहाचा क्लास असतो, म्हणजे पावणेसहाला घर सोडायचं. सायकल घ्यायची ती भाऊजींच्या धानाच्या चुकाऱ्यातून, आणि ते चुकारे तेव्हा खात्यात आलेलेही नव्हते. त्यामुळे ‘घे, मस्त दिसते’ असं म्हणून विषय संपवणं मला बरोबर वाटलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण डिग्री इंजिनिअरिंगची आहे. म्हटलं, खरंच उणे ३० अंशांत सायकल चालवायची असेल तर काय काय बदलावं लागतं ते आधी पाहू. मग त्यातलं गोंदियाला काय लागू पडतं ते कळेल.

उत्तर आधीच सांगून ठेवतो: टायर किती रुंद हवा हे थंडी ठरवत नाही, चाकाखालची जमीन ठरवते. थंडी ठरवते ते ग्रीस, ब्रेक, बॅटरी आणि तुमचे हात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे चुकीच्या जागी जातात.

आधी आपली थंडी मोजू

हवामान खात्याची रोजची यादी बघत असाल तर माहीत असेल, हिवाळ्यात विदर्भातलं सर्वात कमी तापमान बऱ्याचदा गोंदियाच्या नावावर असतं. डिसेंबर-जानेवारीत पारा ८-९ अंशांपर्यंत उतरतो. त्यात तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांमुळे हवेत ओल असते, म्हणून पहाटे दव आणि धुकं.

दक्षिण ध्रुवावर भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच, तापमान उणे २५ ते उणे ३० च्या आसपास असतं. आपल्या पहाटेत आणि तिथल्या दुपारीत जवळपास ३५-४० अंशांचा फरक.

पण सायकलवर बसलं की आणखी एक गोष्ट होते. तुम्ही ताशी २० किलोमीटरने चाललात, तर वारा पडलेला असला तरी तुमच्या तोंडावर ताशी २० किलोमीटरचा वारा लागतो. त्वचेजवळची उबदार हवा तो सतत उडवून नेतो. हवामानशास्त्रात यासाठी एक सूत्र आहे, त्याला विंड चिल म्हणतात. त्यात आकडे टाकले तर:

• हवा ८ अंश, वेग २० : त्वचेला जाणवतं साधारण ५ अंश
• हवा उणे ३० अंश, वेग २० : त्वचेला जाणवतं साधारण उणे ४३ अंश

पाच अंशांत बोटं आखडतात, नाक वाहतं, कान दुखतात. उणे ४३ मध्ये उघडी त्वचा ५ ते १० मिनिटांत गोठायला लागते. पहिल्यावर उपाय हातमोजे आणि कानटोपी. दुसऱ्यात एक चूक झाली तर बोट गमवायची वेळ येते.

फॅट बाईक आली कुठून?

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या अलास्का राज्यात बर्फावरून सायकल चालवण्याची ‘इडिटाबाईक’ नावाची शर्यत सुरू झाली. साधी चाकं बर्फात रुतायची. मग तिथल्या लोकांनी रुंद रिम बनवायला सुरुवात केली. कुणी तर दोन रिम शेजारी शेजारी जोडून त्यावर टायर चढवले. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात वाळूवर चालवायला काही जण असेच रुंद टायर वापरत होते. २००५ मध्ये ‘सर्ली’ या कंपनीने ‘पग्स्ले’ नावाचं मॉडेल बाजारात आणलं, आणि जवळपास चार इंची टायरची सायकल पहिल्यांदा दुकानात तयार मिळायला लागली.

म्हणजे फॅट बाईकचा जन्म बर्फ आणि वाळू या दोन्हींतून झाला. असं का? वैनगंगेच्या पात्रात, कोरड्या वाळूत कधी सायकल घातली असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. चाक खाली जातं आणि हँडल भलतीकडे वळतं. खूप थंड, भुसभुशीत बर्फ असाच वागतो. फार थंडीत बर्फाचा निसरडेपणाही कमी होतो आणि तो वाळूसारखा घासतो.

इथे थोडं गणित करू. एका चाकावर ५० किलो वजन आहे असं धरा. टायरमध्ये ५० पीएसआय हवा असेल, तर टायर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलोने दाबतो. म्हणजे जमिनीला टेकलेला भाग जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर, काडेपेटीच्या एका बाजूपेक्षा थोडा कमी. तीच हवा १० पीएसआयवर आणली तर दाब ०.७ किलो होतो आणि टेकलेला भाग ७१ चौरस सेंटिमीटर. पाचपट! वजन पसरलं म्हणून चाक रुतत नाही.

पण १० पीएसआयवर साधा बारीक टायर चालवला तर रिम थेट जमिनीवर आदळेल. इतका कमी दाब झेलायचा तर टायरमध्ये हवेचं आकारमान मोठं हवं, म्हणून चार इंची टायर. फॅट बाईकची सगळी गोष्ट एवढीच आहे. ती भुसभुशीत जमिनीसाठीची युक्ती आहे. थंडीशी तिचा थेट संबंध नाही.

आता हीच सायकल डांबरी रस्त्यावर आणा. रस्ता कडक आहे, रुतायचा प्रश्नच नाही. उरतं ते फक्त वजन आणि घर्षण. स्वस्त फॅट बाईक स्टीलच्या असतात, वजन १८-२० किलोपर्यंत जातं. त्यात टायरची हवा कमी असेल तर प्रत्येक पायडल चिखलात मारल्यासारखं लागतं. नऊ किलोमीटर जाणं आणि नऊ किलोमीटर येणं, रोज, उपाशीपोटी पहाटे. फोटोत हे दिसत नाही.

ध्रुवावर कोण गेलं आणि कशावर?

डिसेंबर २०१३ मध्ये मारिया लायरस्टॅम ही ब्रिटिश महिला सायकलने दक्षिण ध्रुवावर पोहोचणारी पहिली व्यक्ती ठरली. वेळ लागला १० दिवस, १४ तास आणि ५६ मिनिटं. आणि तिची सायकल दोन चाकी नव्हतीच. ती तीन चाकांची होती, जमिनीलगत बसून, मागे रेलून चालवायची. आडवा वारा आला तरी पडायचं नाही, आणि चढावर वेग अगदी कमी झाला तरी तोल सांभाळायची कटकट नाही. तिने आधी अडचण कोणती ते पाहिलं आणि मग त्यासाठी सायकल बनवून घेतली.

त्यानंतर काही आठवड्यांत, २१ जानेवारी २०१४ ला, अमेरिकेचा डॅनियल बर्टन दोन चाकी फॅट बाईकवर किनाऱ्याकडून ध्रुवापर्यंत पोहोचला. त्याचं स्वतःचं सायकलचं दुकान होतं. सायकल कार्बन फ्रेमची होती, सामान मागे घसरगाडीवर. सुमारे १,२५० किलोमीटरसाठी त्याला ५१ दिवस लागले. भागाकार करा: दिवसाला २५ किलोमीटरसुद्धा नाही. म्हणजे गोंदियाहून निघून आमगाव गाठायला आख्खा दिवस. जगातली उत्तम फॅट बाईक, तयारीचा माणूस, तरी ही गती. त्याच्या आधी, २०१२ मध्ये, एरिक लार्सन हा अनुभवी ध्रुवप्रवासी अशाच फॅट बाईकवर निघाला होता. त्याला ध्रुव न गाठताच परतावं लागलं.

आपल्या मराठी माणसांतलं उदाहरण हवं असेल तर पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने सायकलवरून जवळपास २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली. १५९ दिवस, १४ देश. २३ डिसेंबरला कोलकात्यात तिने ठरलेलं अंतर पूर्ण केलं. या प्रवासात तिने उणे २० पासून ३७ अंशांपर्यंत तापमान सोसलं, आणि रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकून रात्री काढल्या. तिचा बहुतेक प्रवास रस्त्यावरचा होता, आणि दिवसाला कधी कधी ३०० किलोमीटरपर्यंत अंतर कापायचं होतं. बर्टन आणि वेदांगी, दोघांनाही कडाक्याची थंडी लागली. पण चाकाखालची जमीन वेगळी होती, म्हणून प्रवासाचं गणितही वेगळं झालं.

तिसरं उदाहरण फिनलंडमधल्या औलू शहराचं. ते उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडं खाली आहे. हिवाळ्यात उणे १० ते उणे २० तिथे नेहमीचं, आणि डिसेंबरात दिवस जेमतेम साडेतीन-चार तासांचा. तरी शाळकरी मुलं, आजी-आजोबा सगळे सायकलवर दिसतात. बहुतेक सायकली साध्या, आपल्याकडच्यासारख्याच, मडगार्ड आणि कॅरियरवाल्या. कारण नगरपालिका सायकलचे रस्ते साफ करते आणि उरलेला बर्फ दाबून कडक करते. रस्ता कडक म्हणजे चार इंची टायरची गरज नाही. निसरडं असेल तिथे टायरला बारीक धातूचे खिळे असतात. काचेसारख्या कडक बर्फावर रुंदी कामाला येत नाही, खिळे येतात.

थंडी खरं तर काय बिघडवते?

आता दुसरी बाजू. तापमान स्वतः सायकलच्या कुठल्या भागाला त्रास देतं? उणे ३० मध्ये काय होतं आणि गोंदियात काय होतं, असं जोडीने सांगतो.

१. टायरमधली हवा

हवा थंड झाली की दाब कमी होतो. फोनचा कॅल्क्युलेटर काढा. उबदार खोलीत, २० अंशांत, टायरमध्ये १० पीएसआय भरली. गेजवर दिसतो तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा असतो, म्हणून त्यात बाहेरचा १४.७ मिळवा: २४.७. तापमानात २७३ मिळवून गुणोत्तर घ्या: २४३ भागिले २९३. गुणाकार केला की २०.५ येतो. त्यातून १४.७ वजा करा. उरले ५.८. म्हणजे दार उघडून बाहेर पडलात की १० चे साधारण ६ होतात, पंक्चर नसताना. म्हणून तिकडचे लोक हवेचा दाब बाहेरच्या थंडीत तपासतात.

गोंदियात? दुपारी ३० अंशांत ४० पीएसआय भरली, तर पहाटे ८ अंशांत ती ३६ होते. टायर थोडा मऊ वाटेल. आठवड्यातून एकदा सकाळी हवा बघा, विषय संपला.

२. ग्रीस आणि फ्रीव्हील

थंडीत ग्रीस घट्ट होतं, फ्रिजमधल्या तुपासारखं. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये छोटे खटके असतात. पायडल मारलं की ते दातांत अडकतात आणि चाक फिरतं. टर्र-टर्र आवाज येतो तो यांचाच. उणे ३० मध्ये घट्ट ग्रीसमुळे हे खटके वर उठतच नाहीत. पायडल नुसतं गरगर फिरतं आणि सायकल जागेवरच. बर्फाच्या मैदानात असं झालं तर जिवावर बेततं. म्हणून ध्रुवीय सायकलमध्ये मूळ ग्रीस धुऊन काढून कमी तापमानाचं पातळ वंगण घालतात.

गोंदियात ग्रीस गोठत नाही. आपला शत्रू दव आहे. रात्रभर अंगणात उभी सायकल पहाटे ओली असते, आणि चेन गंजते. कापडाने पुसा, पंधरा दिवसांतून एकदा चेनला तेल द्या आणि जास्तीचं पुसून टाका. शक्यतो पडवीत ठेवा.

३. ब्रेक

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये द्रव असतो. खूप थंडीत काही ब्रेकमधलं मिनरल ऑइल घट्ट होतं आणि रबरी सील कडक होऊन गळायला लागतात. म्हणून बरेच लोक तिकडे केबलवर चालणारा डिस्क ब्रेक पसंत करतात. तो हातमोजे घालूनही दुरुस्त करता येतो.

आपल्याकडे अडचण वेगळी. चकचकीत क्रोमच्या स्टील रिमवर रबरी ब्रेक असेल, तर दवाने रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही. त्यात धानाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखल आणि तणस पडलेली. निघाल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्येच दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे रिम पुसली जाते. नवीन सायकल घेत असाल तर अॅल्युमिनियम रिम किंवा साधा केबल डिस्क ब्रेक बघा.

४. शॉकअपवाला फोर्क

उणे ३० मध्ये शॉकअपमधलं तेल घट्ट होतं आणि सील कडक होतात. तो फक्त वजन वाढवणारा लोखंडी दांडा होऊन बसतो. म्हणून ध्रुवावर साधा, न हलणारा फोर्क. गोंदियाच्या डांबरी रस्त्यालाही स्वस्त शॉकअपची गरज नाही. वजन वाढतं, आणि वर्षभरात तो कुरकुरायला लागतो.

५. बॅटरी

यात फोनही आला आणि इलेक्ट्रिक सायकलही. लिथियम बॅटरीत आयन इकडून तिकडे जातात, आणि थंडीत त्यांची चाल मंदावते. उणे २० मध्ये बॅटरी बरीच कमी ऊर्जा देते, आणि फोन चार्ज दिसत असतानाही बंद पडू शकतो. आयफोनसाठी ॲपल वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. शून्याखाली चार्जिंग करणं त्याहून वाईट, कारण लिथियमचा थर आत जमतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून तिकडे फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात.

गोंदियाच्या ८ अंशांत रेंज थोडी कमी वाटेल, पण नुकसान नाही. इथे फोन बिघडतो तो थंडीने नाही, दवाने. हँडलवर उघडा लावू नका.

६. हात

सायकल चालवताना पाय काम करतात, ते गरम राहतात. हात एका जागी स्थिर, वर वारा, आणि बोटांखाली धातूची ब्रेक लिव्हर. धातू उष्णता झपकन ओढून घेतो. अलास्कात हँडलच्या दोन्ही टोकांना मोठे खोळ लावतात, त्यात हात घालून चालवायचं. त्यांना पोगीज म्हणतात.

आपल्यासाठी वारा अडवणारे हातमोजे पुरेत. नुसत्या लोकरीतून वारा आत जातो, म्हणून वरून पातळ रेनकोटच्या कापडाचा थर हवा. लिव्हरवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, बोटांना गार धातू लागणार नाही. आणि छातीवर, स्वेटरच्या आत, वर्तमानपत्राची घडी! जुनी युक्ती आहे, पण वारा अडवायला आजही तोड नाही.

एक नियम मात्र ध्रुवावर आणि गोंदियात सारखाच: घाम येऊ देऊ नका. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घरातूनच तीन स्वेटर घालून निघालात तर पाच किलोमीटरवर आतून भिजाल, आणि क्लासमध्ये बसल्यावर खरी हुडहुडी भरेल.

मग भाच्याला काय हवं होतं?

हे सगळं जमवून मी त्याला फोन केला. सायकलबद्दल न बोलता आधी त्याचा रस्ता विचारला. नऊ किलोमीटर, त्यातले सात डांबरी, दोन मुरमाचा पांदण रस्ता. बर्फ शून्य, वाळू शून्य. मग विचारलं, ‘सकाळी सर्वात भीती कशाची वाटते?’

तो म्हणाला, ‘धुक्यात मागून ट्रक येतो तेव्हा.’

जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. हा पावणेसहाला निघतो. म्हणजे सगळा प्रवास अंधारात, धुक्यात, धान आणि तांदळाच्या गाड्या चालू असताना. आणि त्या स्क्रीनशॉटमधल्या सायकलला मागे लाइट सोडा, मडगार्डसुद्धा नव्हतं. त्याच्या हिवाळ्यातल्या खऱ्या धोक्यावर त्या पंधरा हजारांत काहीच उपाय नव्हता.

खरं तर घरात एक सायकल होती. त्याच्या मोठ्या बहिणीला शाळेत असताना सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेली. आता ती नागपूरला शिकते आणि सायकल गोठ्याजवळ उभी आहे. ‘लेडीज सायकल आहे मामाजी, पोरं हसतात,’ हे त्याचं म्हणणं. मी त्यावर भाषण दिलं नाही. अकरावीत असताना मलाही फरक पडला असता.

शेवटी ठरलं ते असं: गिअर नसलेली, साधी, ४० मिमी टायरची सायकल, मडगार्ड आणि कॅरियरसकट, त्याने विचार केलेल्या किमतीच्या जवळपास निम्म्यात. वर मागचा लाल आणि पुढचा पांढरा लाइट, दोन्ही यूएसबीवर चार्ज होणारे. पायडलला आणि बुटाच्या टाचेला चमकणारी पट्टी. ही पट्टी वरखाली हलते, त्यामुळे मागच्या ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढे सायकलवाला आहे. पुढचा लाइट थोडा खाली झुकवलेला, कारण धुक्यात सरळ मारलेला प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो. बहिणीची सायकल दुरुस्त करून आता ताई बाजाराला वापरते.

घेण्याआधी तुम्ही काय बघाल?

आधी जमीन ओळखा, मग टायर निवडा:

• डांबरी किंवा सिमेंट रस्ता : ३२ ते ४५ मिमी
• मुरूम, पांदण रस्ता, जंगलातली वाट : १.९५ ते २.२५ इंच
• दाबलेला कडक बर्फ : साधीच रुंदी, खोल नक्षीचा टायर
• काचेसारखा बर्फ : खिळ्यांचा टायर
• भुसभुशीत बर्फ किंवा कोरडी वाळू : ४ इंच किंवा जास्त

मग थंडी ओळखा आणि बाकीचं ठरवा:

• ५ ते १५ अंश, म्हणजे गोंदिया, भंडारा, नागपूर : सायकलमध्ये काहीही खास नको. लाइट, मडगार्ड, हातमोजे, कानटोपी.
• ० ते उणे १५, म्हणजे शिक्षणासाठी फिनलंड, जर्मनी, कॅनडाला जाणारे : तिथेच साधी सायकल घ्या, हिवाळ्यासाठी खिळ्यांचे टायर आणि चांगले लाइट लावा, आणि फोन आतल्या खिशात ठेवा.
• उणे २० च्या खाली : ग्रीस, ब्रेक, हातांचे खोळ, सगळं बदलावं लागतं. आणि एकट्याने प्रयोग नको. ओल्या मोज्याची चूकसुद्धा महाग पडते.

ऑनलाइन बघत असाल तर नाव आणि फोटो सोडून तीन गोष्टी शोधा. एक, वजन किती. लिहिलेलंच नसेल तर सहसा जास्त असतं. दोन, टायरच्या बाजूवर छापलेला कमाल-किमान दाब. तीन, तुमच्या उंचीला फ्रेम बसते का. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर वरच्या दांड्यापासून दोन-तीन सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. हे स्क्रीनवर कळत नाही, दुकानात जाऊनच बघावं लागतं. आणि गावातल्या मिस्त्रीला एकदा विचारा, ‘याचा टायर-ट्यूब इथे मिळेल का?’ चार इंची ट्यूब आमगावात लगेच मिळेलच असं नाही. क्लासच्या दिवशी पंक्चर झालं तर पंधरा हजारांची सायकल घरी आणि तुम्ही पायी.

फॅट बाईक वाईट आहे असं मी म्हणत नाही. नदीच्या वाळूत, कापणी झालेल्या बांधीत चालवायला ती भारी मजेची आहे. हौस म्हणून घ्या, हौस समजून घ्या. फक्त ‘थंडी आहे म्हणून’ घेऊ नका.

भाचा आता रोज जातो. परवा त्याने आणखी एक स्क्रीनशॉट पाठवला, तीच सायकल, किंमत हजाराने कमी झालेली. खाली लिहिलं होतं, ‘पहिल्या पगारात घेईन.’

मी म्हटलं, ‘घे. पण मागचा लाइट आधी लाव.’